कटलरचा गुडघा

रिंग्ज मोजायच्या की नाही यावर आमच्या डायनिंग टेबलवर जेवढा वाद झालाय तेवढा दुसऱ्या कशावरच झाला नसेल. रिंग म्हणजे सुपर बोल, अमेरिकन फुटबॉलची फायनल, जिंकली की टीममधल्या प्रत्येकाला मिळते ती भली मोठी हिऱ्यांची अंगठी. माझा मुलगा म्हणतो, "आई, रिंग्ज मोजूनच मोठा क्वार्टरबॅक ठरवायचा असेल तर मग जिम मॅकमॅहन ॲरन रॉजर्सपेक्षा मोठा, त्याच्याकडे दोन आहेत आणि रॉजर्सकडे एक, आणि डॅन मरीनो तर कुणीच नाही." क्वार्टरबॅक म्हणजे बॉल फेकणारा, टीमचा मुख्य खेळाडू. यावर मला बोलता येत नाही, कारण मॅकमॅहन माझ्या टीमचा, शिकागो बेअर्सचा, आणि त्याची दुसरी रिंग ग्रीन बे पॅकर्सकडे ब्रेट फार्व्हचा बॅकअप म्हणून मिळालेली, 1996 च्या सीझनची. पॅकर्सबरोबर व्हाइट हाऊसला गेला तेव्हासुद्धा तो अंगात बेअर्सची जर्सी घालून गेला होता हे मी दर वेळी सांगते, पण त्याने मुद्दा काही बदलत नाही. आणि मरीनोचं म्हणाल तर 1985 साली आमचे बेअर्स अख्ख्या रेग्युलर सीझनमध्ये एकच मॅच हरले, ती त्याच्या मायामीकडून, 38-24. ज्या डिफेन्सचं नाव आजही शिकागोत देवासारखं घेतात तो डिफेन्स त्या रात्री त्या माणसाने फोडला आणि त्याच्या बोटात एकही अंगठी नाही.

मी मूळची सांगलीची. 2004 साली शिकागोच्या पश्चिमेच्या सबर्बमध्ये राहायला आलो तेव्हा मुलगा वर्षाचा होता आणि फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा एवढंच मला माहीत होतं. हा इथला हाताने खेळायचा फुटबॉल मला शेजारच्या आजोबांनी शिकवला, आम्ही त्यांना आजोबाच म्हणायचो, त्यांनाही तो शब्द आवडायचा. रिग्ली फील्ड हे बेसबॉलचं मैदान, तिथे बेअर्स खेळायचे त्या काळापासून ते मॅचेस बघत आले होते, आणि बेअर्स सोल्जर फील्डला गेले 1971 मध्ये, म्हणजे बघा. त्यांनी पोर्चवरच्या टेबलावर चिल्लर मांडली, दहा पेन्या आणि एक क्वार्टर, पंचवीस सेंटचं नाणं, तो क्वार्टरबॅक, आणि म्हणाले, हे मोठं नाणं बघायचं नाही, आधी याच्यासमोरच्या या पाच पेन्या बघायच्या. त्या पाच पेन्या म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइन. समोरून सव्वाशे-दीडशे किलोची माणसं धावून येतात, त्यांना या पाच जणांनी थोपवायचं, आणि तेवढ्या अडीच सेकंदात, अडीचतीन म्हणा फार तर, क्वार्टरबॅकने सगळं मैदान बघायचं, कोण सुटलाय ते हेरायचं आणि बॉल तो जिथे पोचणार आहे तिथे टाकायचा, तो आत्ता जिथे आहे तिथे नाही. क्रिकेटमध्ये बॅट्समन बोल्ड झाला की दोष त्याचाच, आपण तसेच वाढलोय. इथे क्वार्टरबॅक आडवा होतो तेव्हा चूक पाचातल्या कुणाचीही असू शकते, किंवा रिसीव्हर, म्हणजे बॉल झेलणारा, चुकीच्या बाजूला वळला म्हणून, किंवा कोचने हेल्मेटमधल्या रेडिओवर भलताच प्ले सांगितला म्हणून. पण स्कोअरकार्डवर नाव त्याचंच येतं आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या लंचरूममध्ये शिव्याही त्यालाच.

हे मला 2006 सालीच कळलं होतं असं म्हणायला पाहिजे, कारण पोर्चवर ते ऐकलं होतं, पण ऐकणं वेगळं.

त्या सीझनला बेअर्स सुपर बोलपर्यंत गेले. 4 फेब्रुवारी 2007, मायामीत धो धो पाऊस, आमच्या घरी पंधरा माणसं आणि बटाटेवडे, आणि मॅच सुरू होताहोताच डेव्हिन हेस्टरने पहिलीच किक झेलून 92 यार्ड पळत टचडाऊन केला, म्हणजे बॉल थेट शेवटच्या रेषेपलीकडे नेला, अजून कुणी खाली बसलंसुद्धा नव्हतं. त्यानंतर मात्र समोरच्या टीमच्या क्वार्टरबॅकने, पेटन मॅनिंगने आमच्याकडून मॅच शांतपणे काढून घेतली, 29-17. सगळे आमच्या क्वार्टरबॅकवर, रेक्स ग्रॉसमनवर तुटून पडले. आजोबा एकटेच मॅनिंगकडे बघत होते आणि म्हणाले, ओल्या बॉलने हा माणूस असं खेळतोय, हे बघायला मिळालं हे नशीब. मला तेव्हा त्यांचा रागच आला होता. आपली टीम हरतेय आणि हे समोरच्याचं कौतुक करतायत.

2009 मध्ये बेअर्सकडे जे कटलर हा क्वार्टरबॅक आला. बेअर्सनी त्याच्यासाठी दोन पहिल्या राउंडचे ड्राफ्ट पिक, म्हणजे दर वर्षी नवे खेळाडू निवडतात त्यातले पहिल्या फेरीचे हक्क, दिले, शिवाय आपला चालू क्वार्टरबॅक दिला, आणि शिकागोत असं वातावरण की आता साठ-सत्तर वर्षांचा दुष्काळ संपला. साठ-सत्तर मी उगीच म्हणत नाहीये, सिड लकमन 1950 पर्यंत खेळला आणि त्याच्यानंतर बेअर्सकडे खऱ्या अर्थाने मोठा, पुष्कळ वर्षं टिकलेला क्वार्टरबॅक झालाच नाही, 2024 च्या सीझनपर्यंत या टीमच्या एकाही क्वार्टरबॅकने एका सीझनमध्ये 4000 यार्ड फेकलेले नाहीत. आता कटलर. हात असा की बॉल सुटला की आवाज ऐकू येईल असं वाटायचं. आणि मला तो आवडण्याचं अजून एक कारण होतं, त्याला टाइप वन डायबिटीस होता, इन्सुलिन घेऊन खेळायचा, मॅचच्या मध्येसुद्धा साखर तपासायचा. माझे बाबा अनेक वर्षं इन्सुलिनवर. मी सांगलीला फोनवर त्यांना कटलरबद्दल सांगितलं होतं, तेव्हापासून बाबांना फुटबॉलमधलं दुसरं काही माहीत नसलं तरी रविवार झाला की ते विचारायचे, "काय गं, आपला साखरवाला कसा खेळला?"

2010 च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्क जायंट्सनी त्याला पहिल्या हाफमध्येच नऊ वेळा आडवा केला. नऊ वेळा. डोक्याला मार लागून तो बाहेर गेला. त्या पाच पेन्या जागेवर नव्हत्याच. तरी त्या सीझनला टीम फायनलच्या एक पायरी आधीपर्यंत आली, आणि समोर पॅकर्स.

23 जानेवारी 2011, सोल्जर फील्ड, एनएफसी चॅम्पियनशिप. ज्यांना हे वैर माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, या दोन टीम 1921 पासून एकमेकींशी खेळतायत आणि प्लेऑफमध्ये मात्र त्याआधी फक्त एकदाच भेटल्या होत्या, 1941 मध्ये. अख्ख्या शहराने श्वास रोखलेला. आणि तिसऱ्या क्वार्टरमध्ये कटलर बाहेर गेला. गुडघा दुखावला म्हणे. पण टीव्हीवर तर तो साइडलाइनला उभा दिसतोय, एक्सरसाइज बाइकवर बसलेला दिसतोय, कुणी स्ट्रेचरवरून नेलं नाही, चेहऱ्यावर नेहमीसारखाच तो कंटाळल्यासारखा भाव. तिसऱ्या नंबरचा क्वार्टरबॅक केलब हेनी शेवटी आला आणि त्याने जीव तोडून टीमला परत मॅचमध्ये आणलं, पण 21-14 हरलो. तोपर्यंत दुसऱ्या टीममधले प्लेअर्स ट्विटरवर लिहायला लागले होते की हा घाबरून बसला, पार्किंग लॉटमध्ये त्याची जर्सी जाळल्याचे फोटो फिरत होते, आणि मी माझ्या हॉलमध्ये उभी राहून सात वर्षांच्या मुलासमोर त्याला भित्रा म्हणाले. एकदा नाही, पुष्कळदा म्हणाले.

रात्री सांगलीला फोन लावला, तिकडे सकाळ. बाबांनी विचारलं साखरवाला कसा खेळला. मी म्हटलं, मध्येच सोडून बसला, हिंमत नाही त्याच्यात. बाबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "साखर उतरली असेल गं त्याची."

साखर उतरली नव्हती. दुसऱ्या दिवशी एमआरआयमध्ये निघालं की गुडघ्याचं लिगामेंट दुखावलंय, एमसीएल, तशा पायावर उभं राहून बॉल फेकता येत नाही. बेअर्सच्याच डिफेन्समधल्या ब्रायन अर्लॅकरने त्याची बाजू जाहीरपणे घेतली. पण माझ्या डोक्यात गुडघा नव्हता, बाबांचं वाक्य होतं. त्यांना ना पॉकेट कळत होतं ना ब्लिट्झ, आणि तरी त्यांनी पहिला विचार तो केला जो मी करायला हवा होता, की या माणसाच्या आत काहीतरी होत असेल जे बाहेरून दिसत नाही. मी स्वतः त्यांच्या हाताला सुटलेला घाम पाहिलाय, साखर घालून दूध पाजलंय, मला हे माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

आणि त्याच मॅचमध्ये माझा मुलगा हातचा गेला, म्हणजे पॅकर्सकडे गेला. झालं असं की रॉजर्सने पॅकर्सचा बॉल गोल लाइनजवळ फेकला तो अर्लॅकरने पकडला आणि सुसाट निघाला, पुढे मोकळं मैदान, आम्ही सगळे ओरडतोय, आणि त्याच्या आणि टचडाऊनच्या मध्ये एकटा रॉजर्स. क्वार्टरबॅक. ज्याला टीम काचेच्या भांड्यासारखी जपते. त्याने अर्लॅकरला, त्या डोंगराएवढ्या माणसाला, पायात घुसून पाडलं. मुलगा म्हणाला, "आई, ज्याने चूक केली त्यानेच पळत जाऊन दुरुस्त केली." बस, त्या दिवसापासून तो बारा नंबरचा, म्हणजे रॉजर्सचा. नुसते आकडे काढलेत तर रॉजर्सची ती मॅच वाईटच आहे, दोन इंटरसेप्शन, म्हणजे समोरच्यांनी पकडलेले पास, आणि एकही टचडाऊन पास नाही, एक टचडाऊन स्वतः पळून केला तेवढा. पण तो टॅकल नसता तर निकाल वेगळा असता असं मला आजही वाटतं. आकड्यांच्या रकान्यात ते दिसणार नाही.

पुढची दहा वर्षं घरात हेच. मी म्हणायचे पॅकर्सचं नशीब आहे. 1992 मध्ये अटलांटाकडून फार्व्ह मिळाला, तो असताना 2005 च्या ड्राफ्टमध्ये चोविसाव्या नंबरवर रॉजर्स मिळाला, बाकी सगळ्यांनी त्याला सोडलं म्हणून. ऑफिसमध्ये मिलवॉकीचा एक सहकारी आहे, तो फारसं बोलत नाही पण एकदा म्हणाला, नशीब एकदा लागतं, तीस वर्षं लागत नाही. रॉजर्सला त्यांनी तीन वर्षं बाकावर बसवून शिकवलं. मग 2020 मध्ये रॉजर्स जोरात असताना जॉर्डन लव्ह घेतला, सव्विसाव्या नंबरवर, त्यालाही तीन वर्षं बसवलं. आणि आमच्याकडे 2017 मध्ये एक नंबर वर सरकायला म्हणून जादा पिक मोजून मिच ट्रुबिस्की घेतला, त्याच ड्राफ्टमध्ये पॅट्रिक माहोम्स दहाव्या नंबरला गेला. माहोम्स पहिलं वर्ष जवळजवळ अख्खं बाकावर होता आणि ट्रुबिस्की चौथ्या मॅचनंतर मैदानात. मला त्या पोराचं फार वाईट वाटतं. माहोम्स बेअर्सकडे आला असता तर तो माहोम्स झाला असता का, मला खरंच शंका आहे.

पॅकर्स म्हणजे काय हे मला नीट समजलं ते एकदा आजोबांमुळे आणि एकदा सांगलीमुळे. ग्रीन बे हे लाखभर वस्तीचं गाव, एनएफएल, म्हणजे या सगळ्या टीम्सची लीग, तिच्यातलं सगळ्यात छोटं, आणि त्या टीमला मालकच नाही, पाच लाखांवर शेअरहोल्डर आहेत, कुणाला डिव्हिडंड नाही, शेअर विकून पैसे करता येत नाहीत. हे वाचलं तेव्हा मला आमच्याकडचे साखर कारखाने आठवले, सभासद, वार्षिक सभा, "आपला कारखाना" म्हणताना माणसाचा बदलणारा आवाज. सांगलीच्या मुलीला ग्रीन बे कळायला एवढी वर्षं का लागावीत? आणि आजोबांनी सांगितलं की 1956 मध्ये ग्रीन बेला नवीन स्टेडियम बांधायचं की नाही यावर गावात मतदान होतं, तेव्हा बेअर्सचे मालक जॉर्ज हॅलस स्वतः तिथे गेले आणि लोकांना म्हणाले बांधा. सगळ्यात मोठ्या वैऱ्यासाठी. मतदान पास झालं, 1957 ला स्टेडियम उभं राहिलं, आजचं लँबो फील्ड. आजोबा हे सांगताना ताठ बसायचे, जणू तो बेअर्सचाच एक विजय. आता सुपर बोलच्या ट्रॉफीला पॅकर्सचे कोच विन्स लोंबार्डी यांचं नाव आहे आणि एनएफसीच्या ट्रॉफीला हॅलस यांचं, म्हणजे पॅकर्स पुढे गेले तर त्यांना आधी हॅलस हातात घ्यावा लागतो.

आजोबा 2016 मध्ये गेले. त्यांच्या बायकोने मला त्यांची 34 नंबरची जर्सी दिली, बेअर्सच्या वॉल्टर पेटनची.

2018 मधली ती रात्र त्यांनी बघितली नाही याचं मला बरंच वाटलं. 9 सप्टेंबर, गणपती चार दिवसांवर, हॉलभर थर्माकोल आणि झिरमिळ्या, आणि टीव्हीवर बेअर्स लँबोवर 20-0 पुढे. रॉजर्सला गुडघ्याला लागलं म्हणून गाडीत बसवून आत नेलं होतं. तो परत आला, लंगडत, एका पायावर टेकून फेकत राहिला आणि 24-23 जिंकला. माझ्या हातातली झिरमिळी तशीच राहिली. मुलगा आनंदाने नाचत होता आणि मी फक्त तो गुडघा बघत होते, मला सात वर्षांपूर्वीचा दुसरा गुडघा दिसत होता. मुलाला काय वाटलं असेल माहीत आहे ना, की बघ, खरा मर्द असा परत येतो. पण दोन गुडघे सारखे नसतात. एकाचं लिगामेंट किती ताणलंय आणि दुसऱ्याचं किती हे सोफ्यावरून कळत नाही.

17 ऑक्टोबर 2021 ला आम्ही दोघं सोल्जर फील्डला गेलो होतो, मी 34 घालून आणि तो हिरवी 12 घालून. चौथ्या क्वार्टरमध्ये रॉजर्स स्वतः पळत टचडाऊनला गेला आणि प्रेक्षकांकडे तोंड करून ओरडला की मी आजही तुमचा मालक आहे, आयुष्यभर होतो आणि अजूनही आहे. स्टँडमध्ये ते शब्द ऐकू आले नाहीत, फोनवर आले, दोन मिनिटांत सगळ्यांच्या. इतका राग मला खेळावरून कधी आला नव्हता. गाडीत मुलगा अठराचा, जर्सीवर जॅकेट चढवून बसलेला, बराच वेळ गप्प होता, मग हळूच म्हणाला, "आई, पण तो खोटं बोलला का?"

मला एकदम 1999 ची चेन्नईची टेस्ट आठवली. मी कॉलेजात होते, सचिनने पाठदुखी सहन करत 136 केले आणि आपण बारा रन्सनी हरलो, पाकिस्तानकडून. आणि मग सगळं स्टेडियम उभं राहिलं आणि टाळ्या, आणि वासिम अक्रमची टीम मैदानाला फेरी मारतेय. आमच्या घरात बाबा डोळे पुसत होते आणि टाळ्या वाजवत होते, दोन्ही एकदम. मी त्यांना विचारलं होतं, कशाला वाजवताय? ते म्हणाले, खेळले ना ते.

"नाही," मी मुलाला म्हटलं. "खोटं नाही बोलला."

पॅकर्सकडून बेअर्सविरुद्ध प्लेऑफ धरून रॉजर्सच्या पंचवीस जिंकलेल्या आणि पाच हरलेल्या, असा त्याचा हिशोब पुढे पूर्ण झाला. मी त्या दिवशी गाडीत पहिल्यांदा मोठ्याने म्हणाले की मी बघितलेला सगळ्यात चांगला क्वार्टरबॅक हा आहे. मनगटाच्या एका झटक्यात साठ यार्ड, आणि इतका बॉल फेकूनही समोरच्यांच्या हातात इतका कमी जाणारा दुसरा मी पाहिला नाही. चार वेळा एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सर्वोत्तम खेळाडू. आणि रिंग एकच, कारण पाच एनएफसी फायनलपैकी तो चार हरला. त्यातली सिएटलची 2014 च्या सीझनची आठवा, पॅकर्स पुढे होते, शेवटी सिएटलने बॉल परत मिळवायला मारलेली छोटी किक, ऑनसाइड किक, पॅकर्सच्याच माणसाच्या हातून निसटली आणि तेव्हा रॉजर्स मैदानातसुद्धा नव्हता.

"मग बघ," मी म्हटलं, "त्याच्या हरण्याचं कारण शोधताना तू बाकीचे दहा जण बघतोस, आणि कटलरचं म्हणताना फक्त कटलर. एकच माप लाव."

"पण आई, कटलर रॉजर्स नव्हता."

"नव्हता. मी कुठे म्हणतेय. पण भित्रा पण नव्हता. ते मी तुला शिकवलं, सात वर्षांचा होतास तेव्हा, आणि ते चुकीचं होतं."

तो काही बोलला नाही. आय-88 वरच्या टोलपर्यंत आम्ही गप्प होतो. कटलरचे पासिंग यार्ड आजही बेअर्सच्या इतिहासात सगळ्यात जास्त आहेत, 23443, आठ सीझन, अनेक वेळा मोडक्या लाइनच्या मागे. मला वाटतं शिकागोने त्याची एकदा तरी माफी मागायला हवी. मी माझी मागितली, गाडीत, अशी.

आता मुलगा मॅडिसनला शिकतो, विस्कॉन्सिनमध्ये, अर्थातच. 5 जानेवारी 2025 ला सुट्टीत घरी होता. लँबोवर मॅच, आमचा सीझन केव्हाच संपलेला, पॅकर्सकडून ओळीने अकरा मॅचेस हरलेलो. दुसऱ्या क्वार्टरमध्ये जॉर्डन लव्हच्या कोपराला मार बसला, हात बधिर झाला आणि तो बाहेर गेला. साइडलाइनला उभा, चालतोय, बोलतोय. मुलगा सोफ्यावर पुढे सरकला आणि म्हणाला, "हाताला मुंग्या तर आल्यात, एवढ्यासाठी काय बाहेर बसायचं?"

मी त्याच्याकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि परत टीव्हीकडे.

"बॉल धरता येत नसेल रे त्याला," मी म्हटलं.

मॅच शेवटपर्यंत खेचली गेली, पॅकर्स एका पॉइंटने पुढे, मिनिटभर शिल्लक, आणि शेवटच्या सेकंदाला केरो सँटोसने 51 यार्डवरून किक मारली आणि ती गेली, 24-22. मी उठून अक्षरशः किंचाळले, आजोबांची जर्सी अंगात होती, शेजारी त्यांच्या घरात आता राहणाऱ्या लोकांनाही ऐकू गेलं असेल. मुलाने मला मिठी मारली, हरलेला असूनही. मग मी किचनमध्ये चहा टाकायला गेले, आणि आधण येईपर्यंत तिथूनच विचारलं, लव्हचं काय झालं बघ रे.

तो फोनवर शोधत होता. "हात परत जाणवायला लागलाय म्हणे," तो म्हणाला. "बोटं हलतायत."

मी चहात साखर घातली आणि दोन कप घेऊन बाहेर आले.